मेलकाऊ: फोंड्याच्या तिस्कावरून, आठ महिन्यांनी

"मॅडम, तुमचो मेल अजून येवंक ना."

मडगावचे वकील फोनवर होते. माझ्यासमोर लॅपटॉपवर माझ्याच सर्व्हरचा लॉग, म्हणजे आल्या-गेल्या पत्रांची नोंदवही, उघडा, आणि शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं: स्टेटस सेंट, २५०, ओके. म्हणजे त्यांच्या बाजूच्या यंत्राने माझं पत्र हातात घेऊन पोचसुद्धा दिलेली. मी म्हटलं, स्पॅममध्ये बघा. पलीकडे जरा वेळ माऊसची टिकटिक. मग, "हय, हांगा आसा."

असे फोन पहिल्या महिन्यात इतके आले की तिसऱ्या आठवड्यात मी मोजायचं सोडलं. तरी आठ महिन्यांनंतर तो सर्व्हर चालू आहे, आणि तो ज्यावर चालतो त्या मेलकाऊ या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरबद्दल मी बरंच चांगलं लिहिणार आहे. फक्त 'आपला मेल आपल्या ताब्यात, सगळं सुरक्षित' असं ऐकून कोणी हुरळून जाणार असेल तर त्याने आधी हे वाचावं. पत्राला कुलूप लावायचं काम मेलकाऊ अर्ध्या दिवसात करून देतं. ते पत्र माझंच आहे हे इतरांना पटवायला मला दीड महिना लागला, आणि त्या कामात सॉफ्टवेअरची मदत थोडीच.

मी फोंड्याला तिस्कावर भाषांतराचं छोटं ऑफिस चालवते. पोर्तुगीज राजवटीतले दस्त इंग्रजीत किंवा मराठीत आणायचे, हे काम. १९६१ च्या आधीची खरेदीखतं, वाटण्यांचे कागद, तिरक्या अक्षरातल्या जन्मनोंदी. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्या गोव्याचा सातबारा) नाव लावायच्या भांडणात आजोबांचा कागद लागतो, तेव्हा वकील माझ्याकडे येतात. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्म नोंदवायचा म्हणून येणारी गिऱ्हाईकं वेगळी. एखाद्या घरात आजोबांनी धाकट्याला काय दिलं होतं ते कधीकधी थोरल्याच्या आधी मला कळतं. असे कागद दिवसाला तीस-चाळीस मेलांतून इकडून तिकडे जातात.

अकरा वर्षं हे सगळं एका फुकट मेलबॉक्समधून चाललं होतं. मग एका दिवशी मी एका मोठ्या वाटणीचे पंचेचाळीस स्कॅन वेगवेगळ्या वारसांना पाठवले आणि संध्याकाळी खातं बंद. 'संशयास्पद हालचाल'. तीन दिवस बंद राहिलं. फोन करायला नंबर नाही, बोलायला माणूस नाही, फॉर्म भरला की यंत्राचंच उत्तर येई. चौथ्या दिवशी आपोआप उघडलं, कारण कोणी सांगितलं नाही. कागद फुटले असते तर जितकी घाबरले असते तितकीच त्या तीन दिवसांत घाबरले.

भाचा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. तो म्हणाला, "मामी, आपला स्वतःचा सर्व्हर टाकूया." त्याला सुट्टी होती आणि मला राग होता. दोन्ही गोष्टी जुळल्या.

पहिला प्रयोग घरातच केला. जुना डेस्कटॉप देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, कारण राउटर तिथेच. दोन दिवसांत कळलं की तिथून एकही पत्र बाहेर जाणार नाही. मेल सर्व्हर एकमेकांशी २५ नंबरच्या पोर्टवरून बोलतात आणि आमच्या घरगुती ब्रॉडबँडवर तो बाहेर जायला बंदच होता. शिवाय आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा घर नंबर, दर थोड्या दिवसांनी बदलणारा, आणि तोही वाड्यातल्या इतर घरांबरोबर वाटून घेतलेला. समजा पोर्ट उघडून मिळाला असता तरी पुढे स्पॅम अडवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेची पीबीएल नावाची यादी आहे. घरगुती कनेक्शनचे पत्ते तिच्यात आधीपासून असतात. तुम्ही काही चुकलात म्हणून नव्हे. अशा पत्त्यांवरून थेट मेल यायचं कारण नाही, म्हणून. त्यातच मिरग लागला, एका संध्याकाळी तीनदा वीज गेली, आणि डेस्कटॉप पुन्हा माळ्यावर गेला. घरून मेल सर्व्हर चालवायचा विचार असेल तर पावसाआधी सोडून द्या.

मग भाड्याचा सर्व्हर घेतला. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला, ८ जीबी रॅम, जीएसटीसकट महिन्याला तेराशेच्या आसपास. पैसे भरायच्या आधी कंपनीला दोन प्रश्न विचारायचे, हे मी अनुभवाने सांगते. एक, २५ पोर्ट बाहेर जायला उघडा आहे का? दोन, पीटीआर नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून उलट नाव शोधलं तर माझं डोमेन यावं अशी नोंद, मला करता येईल का? आमच्या कंपनीने २५ पोर्ट लगेच दिला नाही. आपण कोण, काय पाठवणार, किती पाठवणार, असं पत्र लिहून मागावा लागला. तेव्हा चिडले होते. आता वाटतं, बरं करतात. नाहीतर शेजारच्या सर्व्हरवर कोण काय विकत बसलंय सांगता येत नाही, आणि मेलच्या जगात शेजाऱ्याच्या पापाचा वाटा आपल्यालाही येतो. ते पुढे येईलच.

आता मेलकाऊ. हा एक प्रोग्राम नाही, बरेच जुने, कसलेले प्रोग्राम एका पंगतीला बसवलेले आहेत. पत्र पाठवणं-घेणं पोस्टफिक्सकडे. तो वीट्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिला आणि १९९८ च्या शेवटी खुला झाला. पत्रं ठेवणं आणि फोन-लॅपटॉपवर दाखवणं डव्हकॉटकडे, टिमो सिराइनेन यांचा, २००२ पासूनचा. कचरा निवडणं आरस्पॅमडीकडे. ब्राउझरमधला मेलबॉक्स, कॅलेंडर वगैरे सोगोकडे. हे सगळे डॉकर या प्रणालीच्या वेगवेगळ्या डब्यांत, एकमेकांपासून अलग, चालतात, आमच्याकडे दीडेक डझन डबे आहेत. या सगळ्यांना हाताने एकमेकांशी जोडायचं म्हणजे महिन्याचं काम होतं. मेलकाऊने ते जोडून, वर एक पडदा, म्हणजे ब्राउझरमधून सगळं चालवायचं पान, लावून दिलाय. जर्मनीत बनतं, मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, आणि पडद्यावर खरोखरच एक गाय आहे.

बसवणं सोपं गेलं. गिट वापरून सॉफ्टवेअर उतरवलं, कॉन्फिगची स्क्रिप्ट चालवली, तिने सर्व्हरचं नाव आणि वेळेचा पट्टा विचारला, मग डॉकरने डबे उतरवले. दुपारचं जेवण होईपर्यंत लॉगिनचं पान दिसत होतं. पहिला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे, 'मूहू', आणि तो त्याच मिनिटाला बदलायचा. भाच्याला वाटलं चहा घेऊन बदलू. मी म्हटलं, चहा थंड होऊ दे. बरोबर केलं, कारण संध्याकाळपर्यंत लॉगमध्ये कुठकुठल्या देशांतून कोण कोण 'अ‍ॅडमिन' आणि 'इन्फो' या नावांनी दार ठोठावत होतं. मेलकाऊमध्ये नेटफिल्टर नावाचा डबा आहे, तो पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला बाहेर ठेवतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: सर्व्हरवर यूएफडब्ल्यू या फायरवॉलची भिंत घातली म्हणून निश्चिंत होऊ नका. डॉकर आपले पोर्ट त्या भिंतीला वळसा घालून उघडतो. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रॅम खातं. त्यांच्या कागदांत ६ जीबी आणि वर १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) लिहिलंय, ते खरं आहे. त्यातला मोठा घास क्लॅमएव्ही या व्हायरस तपासणाऱ्याचा, एकटा एक जीबीच्या वर घेतो. तो बंद करायची सोय आहे. मी चालू ठेवलाय, कारण मला येणाऱ्या जोडपत्रांचा भरवसा नाही. गिऱ्हाईकांची मुलं कुठल्या सायबर कॅफेतून स्कॅन करून पाठवतील सांगता येत नाही.

जुन्या खात्यातली अकरा वर्षांची पत्रं आणायला 'सिंक जॉब' आहे, आतून आयमॅपसिंक वापरतो. रात्री लावलं. २३ जीबी होते. सकाळी उठले तर सगळे फोल्डर जागच्या जागी, मराठी नावांचे फोल्डरसुद्धा. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण तारा देते.

खरी मेहनत डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे माझ्या नावापुढे इंटरनेटच्या जाहीर वहीत काय लिहिलंय त्यात, आहे. तीन नावं लक्षात ठेवावी लागतात. एसपीएफ सांगतं, माझ्या डोमेनच्या नावाने कुठला सर्व्हर पाठवू शकतो. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर सही करतं आणि सही पडताळायची किल्ली डीएनएसमध्ये उघडी ठेवतं. डीमार्क सांगतं, या दोन्हींतलं काहीच जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं. मेलकाऊमध्ये डोमेनसमोर एक बटण आहे, ते कुठली नोंद हवी आणि सध्या काय आहे ते शेजारी शेजारी दाखवतं. मी ते पहिल्या दिवशी बघितलं, सगळं भरलं, आणि मग बारा दिवस पुन्हा बघितलं नाही. हीच माझी मोठी चूक.

झालं असं. डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची, म्हणजे सुमारे चारशे अक्षरांची लांबलचक ओळ. डीएनएसच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, त्यामुळे ती दोन तुकड्यांत घालायला लागते. माझं डोमेन ज्यांच्याकडे आहे त्यांच्या पानावर मी ती एकसंध चिकटवली. पानाने ती घेतली, हिरवी टिक दाखवली, आणि मागच्या बाजूने शेपटी कापून टाकली. एक शब्द न बोलता.

यात गंमत अशी की जवळजवळ सगळी पत्रं तरीही ठीक जात होती. डीमार्कला दोन्हींपैकी एक जुळलं तरी चालतं, आणि एसपीएफ जुळत होतं. फक्त पणजीच्या एका वकीलबाईंना माझं एकही पत्र मिळेना. दोनदा पाठवलं, तीनदा पाठवलं. माझ्याकडे प्रत्येक वेळी 'सेंट'. शेवटी कळलं की त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलेला मेल आपोआप त्यांच्या खासगी मेलबॉक्सकडे वळतो. वळवलेलं पत्र तिसऱ्याच सर्व्हरवरून पुढे जातं, तिथे एसपीएफ मोडतं. उरते फक्त सही, आणि माझ्या सहीची किल्ली अर्धी होती.

भाच्याने फोनवरून सांगितलं, "मामी, किल्लीचं शेवट वाच." मी वाचलं. तो म्हणाला, अशा किल्ल्यांचं शेवट 'आय-डी-ए-क्यू-ए-बी' असं असतं. तुझ्या ओळीत आहे का? मेलकाऊच्या पानावर होतं. डीएनएसमध्ये विचारून आलेल्या ओळीत नव्हतं. ती मध्येच एका 'के'वर थांबली होती. दोन तुकडे केले, दोन्हींना अवतरण चिन्हं लावली, तासाभरात पणजीहून मेल आला, की एकदम चार प्रती मिळाल्या, यातली खरी कुठली? मेल-टेस्टर नावाची साइट आहे, तिच्या पत्त्यावर एक पत्र पाठवलं की ती दहापैकी गुण देते आणि कुठे काय मोडलंय ते सांगते. पहिल्याच दिवशी तिच्याकडे गेले असते तर बारा दिवस वाचले असते. आता मला दहापैकी दहा मिळतात. छापून लावावंसं वाटलं होतं.

आता सुरक्षिततेचं. माझ्या लॅपटॉपपासून माझ्या सर्व्हरपर्यंत ४६५ पोर्ट वापरते. तिथे पहिल्या अक्षरापासून टीएलएसचं कुलूप असतं. ५८७ वर आधी उघडं बोलणं सुरू होतं आणि मग 'स्टार्ट टीएलएस' म्हणून कुलूप लागतं. दोन्ही चालतात, पण २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या नियमपत्रापासून शिफारस ४६५ च्या बाजूची आहे. हा टप्पा पूर्ण माझ्या हातातला. फोनसाठी मेलकाऊ वेगळे 'अ‍ॅप पासवर्ड' करू देतं, फोन हरवला तर तेवढाच रद्द करायचा. पडद्यावर लॉगिन करताना पासवर्डच्या जोडीला ओळखीचा दुसरा घटक लावता येतो, पण फोनमधल्या मेल अ‍ॅपला तो लागू होत नाही. म्हणूनच अ‍ॅप पासवर्ड आळस न करता करावेत.

पुढचा टप्पा, माझ्या सर्व्हरपासून समोरच्याच्या सर्व्हरपर्यंत. इथे मला लॉग वाचायचा नाद लागला. पोस्टफिक्स प्रत्येक जोडणीसमोर एक विशेषण लिहितो. 'अनॉनिमस' म्हणजे कुलूप आहे, पण समोरच्याने ओळखपत्रच दाखवलं नाही. 'अनट्रस्टेड' म्हणजे दाखवलं, पण कोणाच्या सहीचं ते ठाऊक नाही. 'ट्रस्टेड' म्हणजे ओळखीच्या संस्थेच्या सहीचं. 'व्हेरिफाइड' म्हणजे त्यावरचं नावही ताडून पाहिलं. सकाळी ऑफिस उघडलं की मी चहाबरोबर ही विशेषणं वाचते, जशी सासूबाई पेपरात आधी निधनवार्ता वाचतात.

मुळात हे कुलूप ऐच्छिक असतं. समोरच्याकडे टीएलएस नसेल तर पत्र उघडं जातं, आणि मध्ये कोणी 'माझ्याकडे नाही' असं खोटं सांगितलं तरीही उघडंच जातं. मेलकाऊमध्ये प्रत्येक मेलबॉक्ससाठी 'जाणाऱ्या पत्राला टीएलएस सक्तीचं' अशी खूण आहे. मी दस्तांच्या मेलबॉक्सला ती लावली. दुसऱ्याच आठवड्यात एक पत्र अडकलं. डिचोलीकडच्या एका सर्व्हेअरचा मेल कुठल्यातरी जुन्या सर्व्हरवर होता. रांगेत ओळ दिसली: 'टीएलएस इज रिक्वायर्ड, बट वॉज नॉट ऑफर्ड'. पोस्टफिक्सची मूळ रीत पाच दिवस प्रयत्न करत राहायची आणि मग परत पाठवायची. मला ते अडकलेलं पाहून आनंद झाला. सर्व्हेअरला झाला नाही. तिसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून पेनड्राइव्ह घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, पूर्वी बरं चालत होतं." पूर्वी उघडं जात होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला आवडली: आपण लॉगिन करून पाठवलेल्या पत्राच्या डोक्यातून मेलकाऊ आपला घरचा आयपी पत्ता काढून टाकतं. वाटण्यांच्या भांडणात कोण कुठून लिहितंय हे विरुद्ध बाजूला का कळावं?

पण हे सगळं वाटेतलं कुलूप. पत्र समोरच्या सर्व्हरवर उतरलं की उघडं झालं, ती कंपनी वाचू शकते. शेवटपर्यंत बंद राहायला पीजीपी लागतं, म्हणजे ज्याला पत्र त्याच्याच किल्लीने उघडणारं कुलूप. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये ते २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून आतच आहे. मी उत्साहाने किल्ली केली, सहीखाली लिहिली, आणि आठ महिन्यांत तिचा उपयोग करून मला एकाच माणसाने पत्र लिहिलं. तो भाचा. त्यामुळे आता नाजूक दस्त असेल तर क्यूपीडीएफने पीडीएफलाच २५६ बिटांचं कुलूप घालते आणि पासवर्ड फोनवर सांगते. गावठी उपाय आहे, पण वकिलांना जमतो.

मग सुरुवातीला माझं पत्र वकिलांच्या स्पॅममध्ये का जात होतं? कारण माझा आयपी पत्ता नवा होता आणि त्याची कोणाला ओळख नव्हती. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत. पीटीआर नोंद, टीएलएस, आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम हे माझ्यासारख्या चिल्लर पाठवणाऱ्यालाही हवंच; दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्यांना डीमार्कसह सगळंच. हे सगळं माझ्याकडे होतं. कागदपत्रं पूर्ण म्हणून गावात नव्या माणसाला लगेच कोणी उधारी देत नाही, तसंच हे. एका मोठ्या मेल कंपनीने तर स्पॅममध्येही घेतलं नाही, दारातूनच परत पाठवलं. माझ्या शेजारच्या आयपी पत्त्यांवरून पूर्वी कोणी तरी उद्योग केले होते. त्यांच्या पानावर फॉर्म भरला, पहिलं उत्तर नकाराचं आलं, त्याच उत्तराला पुन्हा सविस्तर लिहिलं की मी भाषांतरकार आहे, दिवसाला चाळीस पत्रं पाठवते. दोन दिवसांत दार उघडलं. यात एक सल्ला: पहिल्या नकारावर थांबू नका, दुसरं पत्र बहुधा माणूस वाचतो.

बाकी उपाय म्हणजे धीर. ओळखीच्या वकिलांना सांगितलं, माझा मेल स्पॅममधून काढा, पत्ता साठवा, आणि मुख्य म्हणजे उत्तर द्या. नुसतं 'मिळालं' लिहिलं तरी पुरे. सहाव्या आठवड्यात फोन थांबले.

बॅकअपबद्दल लिहायलाच हवं, कारण इथे मी थोडक्यात वाचले. मेलकाऊ पत्रं डिस्कवर गुप्त करून ठेवतं, किल्ल्या 'क्रिप्ट' नावाच्या वेगळ्या जागेत. बॅकअपची स्क्रिप्ट विचारते, काय काय घ्यायचं. मी पत्रं आणि डेटाबेस घेत होते, बाकीच्यांना नावं वाचून वगळलं. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने दुसऱ्या सर्व्हरवर तो बॅकअप उतरवून पाहिला. फोल्डर दिसले, पत्रं मोजून बरोबर, आणि एकही उघडेना. किल्ली घरी राहिलेली. चार महिन्यांचे बॅकअप म्हणजे नुसते भरलेले डबे, झाकण वितळवून बसवलेले. तेव्हापासून 'ऑल' म्हणजे ऑल.

त्याच्या आधी चवथीच्या आदल्या दिवशी डिस्क भरली होती. बॅकअप त्याच डिस्कवर ठेवायचा शहाणपणा माझाच. मी गणपतीवरच्या माटोळीला सुपाऱ्यांचे घड बांधत होते, हात चिकाने भरलेले, आणि भाचा ओरडतोय की कोणाचंच पत्र आत येत नाही, '४५२, इनसफिशंट सिस्टिम स्टोरेज'. त्याने फोनवरूनच जुने बॅकअप उडवले. मला वाटलं दोन दिवसांचे मेल गेले. पण ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नको, नंतर ये'. पाठवणारे सर्व्हर बाहेर थांबले होते आणि आरती होईपर्यंत एकेक करून सगळी पत्रं आत आली. ई-मेलची ही जुनी सहनशीलता मला फार आवडते. १९८२ सालचा नियम आहे एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना पत्रं द्यायच्या रीतीचा, आणि अजून समोरच्याचं दार बंद दिसलं तर न चिडता पुन्हा येतो.

तक्रारी. सोगोचा पडदा जुनाट दिसतो. मी थंडरबर्ड वापरते, पण मदतनीस मुलीला ब्राउझरच हवा असतो आणि ती रोज नाक मुरडते. अपडेटची स्क्रिप्ट आधी स्वतःला बदलते आणि मग म्हणते, मला पुन्हा चालवा. पहिल्यांदा मला वाटलं झालं, आणि लॅपटॉप मिटला. टीएलएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून येतं, ९० दिवसांचं, ते मात्र आपोआप नवं होतं, त्याकडे मी एकदाही बघितलं नाही. मोठे स्कॅन पाठवताना लक्षात ठेवावं की जोडपत्र वाटेत एक तृतीयांशाने फुगतं. १९ एमबीचा दस्त पलीकडच्या २५ च्या मर्यादेला अडतो, आणि त्यात मेलकाऊचा दोष नाही.

महिन्याला तेराशे, डोमेनचे वर्षाला हजाराच्या आत, आणि आठवड्याला माझा एक तास. महिन्यातून एकदा अपडेट, तेही रविवारी सकाळी, भाचा घरी असेल तेव्हा. ज्याला डीएनएसच्या नोंदींत हात घालायचा नाही त्याने मेल-इन-अ-बॉक्स बघावं, ते डीएनएससुद्धा स्वतः सांभाळतं. ज्याला पडदा नको, फाइलींतूनच काम करायचं, त्याला डॉकर-मेलसर्व्हर हलकं पडेल. ज्याच्याकडे भाचा नाही आणि लॉग वाचायची आवडही नाही, त्याने पैसे देऊन कोणाकडून तरी मेलबॉक्स घ्यावा.

माझे पाचपैकी चार तारे. अर्धा रॅमसाठी कापला, अर्धा सोगोसाठी.

हे लिहिताना लिस्बनच्या वकीलबाईंचं उत्तर आलं. मागच्या आठवड्यात त्यांना एका जन्मनोंदीचं भाषांतर पाठवलं होतं, पीडीएफला कुलूप, आणि पासवर्ड फोनवर अक्षर अक्षर सांगितलेला, पोर्तुगीजमध्ये, दोनदा. लॉग बघितला: येताना टीएलएस, सही जुळलेली, सगळं हिरवं. पत्रात आभार आहेत, त्याच पीडीएफची प्रत जोडली आहे, आणि खाली त्यांच्या सहकाऱ्यांच्या सोयीसाठी पासवर्ड ठळक अक्षरांत लिहिलाय. सीसीमध्ये पाच जण आहेत.